लहान तीर्थनगरातील सांडपाण्याचे शुद्धीकरण : रामटेकच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नागरी सांडपाण्याचा विचार होतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर बहुधा महानगरे असतात. भुयारी गटारे, पंपगृहे, कोट्यवधी लिटर क्षमतेची शुद्धीकरण केंद्रे आणि त्यांवरील वाद यांची चर्चा वृत्तपत्रांतून होते व शोधनिबंधांतूनही होते. लहान नगरपरिषदेचा प्रश्न मात्र याच प्रश्नाची छोटी प्रत मानला जातो. जे नागपूरला मोठ्या प्रमाणावर करावयाचे तेच रामटेकला लहान प्रमाणावर करावे, अशी ही समजूत आहे. प्रस्तुत लेखात ती तपासून पाहावयाची आहे. लेखकाच्या मते लहान नगरात शुद्धीकरणाची पद्धती निवडण्यापूर्वी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत. शुद्ध केलेले पाणी शेवटी कोठे जाणार ही पहिली. आणि ते केंद्र पुढील वीस वर्षे कोण चालविणार ही दुसरी. यंत्राची निवड त्यानंतरची आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो.

रामटेकचे उदाहरण घेण्यास कारणे आहेत. येथील नगरपालिका १८६७ साली, म्हणजे मध्य प्रांतातील नागरी स्वराज्य संस्थांच्या अगदी आरंभीच्या काळात स्थापन झाली. आज ती 'क' वर्ग नगरपरिषद असून लोकसंख्या बावीस हजारांच्या आसपास आहे. गाव टेकडीच्या पायथ्याशी वसले आहे. टेकड्यांच्या कुशीत अंबाळा तलाव आहे; त्याच्या काठी घाट व मंदिरे असून दूरदूरची कुटुंबे अस्थिविसर्जनासाठी व उत्तरक्रियेसाठी तेथे येतात. जवळच इंग्रजी अमदानीत सिंचनासाठी बांधलेला खिंडसी जलाशय आहे. परिसरातील पाणी सूर नदीच्या वाटेने वैनगंगेकडे जाते. मेघदूतातील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिलेले मत सर्वश्रुत आहे. त्या काव्याच्या पहिल्याच श्लोकात सीतेच्या स्नानाने पुण्य झालेल्या येथील जलाचा निर्देश येतो. गावाची कीर्ती जर पाण्याशी इतकी निगडित असेल, तर गावातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे काय होते हा प्रश्न केवळ अभियंत्यांवर सोडून देण्याजोगा राहत नाही.

विदर्भात वर्षाकाठी सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे, आणि त्यांपैकी शेवटचे दोन ४५ अंशांपर्यंत तापणारे. त्या काळात नाल्यांतून जे वाहते ते निव्वळ सांडपाणी असते. वाळवंटी प्रदेशातील लहान नगराची जी अवस्था बाराही महिने असते, ती येथे आठ महिने असते.

सांडपाणी किती?

प्रथम आकाराचा अंदाज घेऊ. भुयारी गटार असलेल्या नगरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा गृहीत धरण्याचा केंद्रीय नियमपुस्तिकेचा प्रघात आहे. गटार नसलेल्या परंतु नळयोजना असलेल्या नगरासाठी ७० लिटर. त्यापैकी ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते असे मानतात. बावीस हजार लोकसंख्येस पहिल्या हिशेबाने दररोज सुमारे २३ लाख ७६ हजार लिटर, तर दुसऱ्या हिशेबाने सुमारे १२ लाख ३२ हजार लिटर सांडपाणी येते. अंदाजात जवळजवळ दुपटीचा फरक आहे, आणि तो येथेच नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. मोठ्या आकड्यावर बांधलेले केंद्र अर्ध्या प्रवाहावर चालू लागले की त्यातील जिवाणू उपाशी राहतात आणि नगरपरिषद मात्र पूर्ण यंत्रणेचा खर्च सोसते.

घाणीचे मोजमाप पाण्याच्या मोजमापाहून वेगळे असते. सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना जिवाणूंना जितका प्राणवायू लागतो, त्यास जैविक ऑक्सिजन मागणी म्हणतात. दरडोई दररोज २७ ग्रॅम हा नियमपुस्तिकेतील आकडा घेतल्यास संपूर्ण गावाचा भार दिवसाला सुमारे ५९४ किलोग्रॅम होतो. पाणी कमी वापरले म्हणून हा भार कमी होत नाही, पाणी तेवढे दाट होते. १३५ लिटरच्या हिशेबात सांडपाण्याची मागणी लिटरला २५० मिलिग्रॅम येते. ७० लिटरच्या हिशेबात ती जवळजवळ दुप्पट असेल.

रामटेकसारख्या गावाची आणखी एक खूण म्हणजे यात्रा. रामनवमी आणि कार्तिकातील त्रिपुरी पौर्णिमा या दिवसांत गावातील माणसांची संख्या एकाएकी वाढते व दोन-तीन दिवसांत ओसरते. जनगणनेच्या आकड्यावर आखलेल्या केंद्रावर अशा वेळी कितीतरी अधिक भार येतो. ज्या पद्धतीत पाणी काही तासच थांबते तिला असा धक्का सोसत नाही. जिच्यात ते दहा-बारा दिवस थांबते तिला तो फारसा जाणवतही नाही. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

गावाखालची निम्मी घाण

भुयारी गटार नसलेल्या गावात शौचालयाचे पाणी सेप्टिक टँकमध्ये जाते, आणि स्वयंपाकघराचे व न्हाणीघराचे पाणी उघड्या नालीत. कागदावर ही रचना निर्दोष आहे. टाकीत जड भाग तळाशी बसतो, वरचे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते. प्रत्यक्षात अनेक घरांना शोषखड्डा नसतो व टाकीचे पाणी सरळ नालीस जोडलेले असते. जेथे काळी चिकण जमीन आहे तेथे शोषखड्डा असूनही पावसाळ्यात पाणी शोषले जात नाही. टाकी वर्षानुवर्षे उपसली नाही तर ती गाळाने भरते व येणारी घाण जशीच्या तशी पुढे जाते. उत्तम स्थितीतील टाकीसुद्धा सेंद्रिय भारापैकी जेमतेम ३० ते ४० टक्के कमी करते. भरलेली टाकी केवळ एक रुंद नळी असते.

याचे आरोग्यविषयक परिणाम आपल्या भागात विशेष गंभीर आहेत. पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा जुना पट्टा आहे. या रोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास स्वच्छ पाण्यात नव्हे, तर तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो. तुंबलेली नाली आणि सेप्टिक टँक ही त्याची आवडती ठिकाणे. टाकीच्या वायुनळीच्या तोंडाला जाळी बांधा, असे आरोग्य कर्मचारी घरोघर सांगत आले आहेत. उपाय दोन-पाच रुपयांचा, पण तो न करणाऱ्यांची संख्या मोठी. सांडपाण्याचा प्रश्न म्हणजे दुर्गंधीचा प्रश्न असे मानणाऱ्यांनी या रोगाने सुजलेला एक पाय तरी पाहिलेला असावा.

एके काळी नगरपालिकांच्या हिशेबवहीत मैला हा खर्चाचा नव्हे तर उत्पन्नाचा विषय असे. मैला व कचरा यांचे थर रचून कुजविलेले खत शेतकऱ्यांना विकले जाई. त्यास मराठीत सोनखत हा शब्दही आहे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाताना ती कोणाच्या डोक्यावरून वाहिली जात होती हे विसरता येत नाही. हाताने मैला वाहण्याच्या प्रथेवर १९९३ च्या कायद्याने बंदी घातली. २०१३ च्या कायद्याने टाक्या व गटारे यांत संरक्षक साधनांविना माणूस उतरविणेही निषिद्ध केले. त्यामुळे आज टाकी उपसण्याचा एकच रास्त मार्ग उरतो, तो म्हणजे सक्शन टँकर. परंतु टँकरने उपसलेला गाळ कोठे रिकामा करावयाचा याची सोय नसेल, तर तो रात्री गावाबाहेरच्या नाल्यात जातो. एका टँकरमधील गाळाची घनता साध्या सांडपाण्याच्या अनेक पटींनी असते.

हा भाग सर्वांत आधी सुधारता येतो व त्यास खर्चही कमी. समजा गावात साधारण ४,४०० कुटुंबे व तितक्याच टाक्या आहेत आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसावयाची आहे. वर्षाला सुमारे १,४७० टाक्या, म्हणजे कामाचे ३०० दिवस धरता दिवसाला पाच. प्रत्येकी तीन घनमीटर गाळ धरला तर रोजचा गाळ १५ घनमीटर, म्हणजे दोन लहान टँकरांचे काम. हा गाळ वाळूच्या वाफ्यांवर २५ सेंटिमीटर जाडीने पसरून बारा दिवस वाळवावयाचा झाल्यास ७२० चौरस मीटरचे वाफे पुरतात. पावसाळ्यासाठी त्यांवर छप्पर हवे, आणि वाफ्यांतून झिरपणाऱ्या पाण्याचे शुद्धीकरण वेगळे करावे लागते.

महाराष्ट्रात ही कल्पना कागदावर राहिलेली नाही. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने २०१८ पासून टाक्या ठरावीक वेळापत्रकाने उपसण्यास आरंभ केला. घरमालक तक्रार करील तेव्हा नव्हे, तर वॉर्डाची पाळी येईल तेव्हा टँकर जातो, आणि खर्च प्रत्येक फेरीस रोख न घेता करांतून भागविला जातो. यातील मर्म यंत्रात नसून वेळापत्रकात आहे. हाक मारल्यावर टँकर येण्याच्या पद्धतीत टाकी तुंबल्यावरच माणूस हाक मारतो, आणि तोपर्यंत घाण वर्षानुवर्षे पुढे गेलेली असते. याहून दूरचे उदाहरण लडाखमधील लेहचे. वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पर्जन्य, हिवाळ्यात गोठणारे पाणी आणि उन्हाळ्यात पर्यटकांची गर्दी असलेल्या या शीत वाळवंटी गावात २०१७ साली वनस्पती लावलेल्या वाफ्यांवर गाळ वाळविण्याचे छोटे केंद्र उभे राहिले. भौगोलिक परिस्थिती सर्वथा भिन्न, पण गावाचा आकार, हंगामी गर्दी व नगर प्रशासनाचे मर्यादित मनुष्यबळ यांत रामटेकशी त्याचे साम्य आहे.

पाणी कोठे जाणार?

गाळाची व्यवस्था झाली तरी नाल्यांतील पाणी उरतेच. ते कोठे सोडावे हा आपला पहिला प्रश्न.

तलावांच्या गावी या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथे नेहमीचा मापदंड फसवा ठरतो. शुद्धीकरण केंद्राचे यश सामान्यतः जैविक ऑक्सिजन मागणीवर मोजले जाते. तलावाचा शत्रू मात्र बव्हंशी फॉस्फरस असतो. सांडपाण्यात लिटरला सुमारे सात मिलिग्रॅम फॉस्फरस धरल्यास २३ लाख ७६ हजार लिटरमधून दिवसाला साधारण १७ किलोग्रॅम बाहेर पडतो. साचलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास गेले की शेवाळाची बेसुमार वाढ होऊ लागते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे एका दिवसाचा फॉस्फरस सुमारे साडेपाच लाख घनमीटर निर्मळ पाण्याला त्या सीमेपर्यंत नेण्यास पुरेसा आहे. साधे केंद्र सेंद्रिय भार ९० टक्क्यांनी कमी करील. फॉस्फरसचा मोठा भाग मात्र स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याबरोबर पुढे जाईल. तेव्हा शुद्ध केलेले पाणीही तलावात किंवा तलावास मिळणाऱ्या ओघळीत सोडू नये, हा रामटेकसारख्या गावाचा पहिला नियम असावयास हवा. नदीसाठी पुरेसे असलेले शुद्धीकरण तलावासाठी पुरेसे नसते.

जे द्रव्य तलावास मारक तेच शेतास तारक. सांडपाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र धरले तर दिवसाला सुमारे ९५ किलोग्रॅम नत्र होते, म्हणजे दोनशे किलोहून थोड्या अधिक युरियाइतके. रोजची चार पोती म्हणावयास हरकत नाही. हेक्टरी दिवसाला पाच मिलिमीटर पाण्याची गरज धरल्यास या पाण्यावर कोरड्या हंगामात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हेक्टर भिजू शकेल. नागपूर महानगराने आपल्या भांडेवाडी केंद्रातील पाण्यास कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचे मोठे गिऱ्हाईक मिळविले. लहान गावाला असे गिऱ्हाईक मिळणार नाही. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे गावकुसाबाहेरील शेतकरी, आणि बहुतेक ठिकाणी तो नाल्यावर मोटार बसवून हे पाणी आजही घेतो. फरक एवढाच, की तो ते अशुद्ध स्थितीत घेतो.

येथे एक स्थानिक बाब विसरता येत नाही. रामटेक परिसर पानमळ्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. मळ्यांचे क्षेत्र आज पूर्वीइतके राहिले नसले तरी रामटेकच्या पानाचे नाव टिकून आहे. विड्याचे पान शिजवून खाल्ले जात नाही, आणि बाजारात ताजे राहावे म्हणून त्यावर वारंवार पाणी शिंपडले जाते. सांडपाण्यातील जंतांची अंडी पानावर आली तर ती थेट खाणाऱ्याच्या पोटात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी सांडपाण्याची मर्यादा घातली : लिटरमागे जंताचे एकाहून अधिक अंडे नसावे आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू हजाराहून अधिक नसावेत. २००६ च्या मार्गदर्शिकेत तिने एका आकड्यावर भिस्त न ठेवता पिकाची निवड, पाणी देण्याची रीत, धुणे, शिजविणे अशा अनेक अडथळ्यांची साखळी सुचविली. म्हणून हे पाणी धानाच्या बांधीला, चाऱ्याला, बांबूच्या किंवा सागाच्या लागवडीला द्यावे. पानमळ्याला आणि पालेभाजीला देऊ नये. असा निर्बंध पाळला जाईल का, अशी शंका येथे रास्त आहे. पाण्याचा पाट पानमळ्याकडे जाणारच नाही अशा जागी केंद्र बांधणे हा नियमपत्रकापेक्षा खात्रीचा उपाय आहे.

यंत्र की तळे?

आता पद्धतीकडे वळू. सांडपाणी शुद्ध करणारे मुळात जिवाणूच असतात. पद्धतीपद्धतींत फरक एवढाच की त्यांना प्राणवायू कोण पुरवितो. सक्रिय गाळ पद्धतीत तो विजेवरील हवायंत्रे पुरवितात. काम काही तासांत होते, जागा थोडी लागते. दर दहा लाख लिटरमागे साधारण दीडशे ते सव्वादोनशे युनिट वीज लागते. आपल्या मोठ्या अंदाजानुसार दिवसाला साडेतीनशे ते सव्वापाचशे युनिट. वीज काही तास गेली की जिवाणू गुदमरू लागतात. तीन पाळ्यांत माणूस हवा, वीजतंत्री हवा, रोज नमुने तपासणारा रसायनतज्ज्ञ हवा, आणि रोज निघणाऱ्या गाळाची विल्हेवाट हवी. 'क' वर्ग नगरपरिषदेच्या आस्थापनेत ही पदे बहुधा नसतात. पहिली काही वर्षे ठेकेदार केंद्र चालवितो. मुदत संपली की पंप दुरुस्तीची निविदा हाच त्या केंद्राचा मुख्य व्यवहार होऊन बसतो.

स्थिरीकरण तळ्यात प्राणवायू शेवाळ पुरविते व शेवाळाला ऊर्जा सूर्य पुरवितो. एक ते दीड मीटर खोल तळे, त्यात दहा-बारा दिवस थांबणारे पाणी, वर हिरवे शेवाळ, खाली जिवाणू, तळाशी विनाऑक्सिजन कुजणारा गाळ. शेवाळाने सोडलेला प्राणवायू जिवाणू घेतात, जिवाणूंनी सोडलेला कर्बवायू व पोषक द्रव्ये शेवाळ घेते. त्याच्यामागे एक-दोन उथळ परिपक्वन तळी ठेवली की सूर्यप्रकाशामुळे रोगजंतू मरतात. जंतांची अंडी तर पाणी आठ-दहा दिवस थांबल्याने आपोआप तळाशी बसतात. क्लोरीनने मात्र ती मरत नाहीत, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

या पद्धतीचे भारतीय शास्त्र रामटेकपासून पन्नास किलोमीटरच्या आत घडले आहे. नागपूर येथे १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात 'नीरी', म्हणून ओळखली जाते. भारतीय हवामानातील स्थिरीकरण तळ्यांची रचना, बांधणी व देखभाल यांवरील अर्सीवाला व सहकाऱ्यांचा ग्रंथ याच संस्थेने १९७० मध्ये प्रकाशित केला. अक्षांशानुसार तळ्यावर किती भार घालावा याचे कोष्टक अभियंते आजही वापरतात : २० अंश अक्षांशावर हेक्टरी दिवसाला २५० किलोग्रॅम, २४ अंशांवर २२५. रामटेकच्या अक्षांशाला, म्हणजे सुमारे २१.४ अंशांना, २४० धरता येईल. ५९४ किलोग्रॅमसाठी मुख्य तळे अडीच हेक्टरचे होते, १.२ मीटर खोलीत पाणी साडेबारा दिवस थांबते. परिपक्वन तळी, बांध व रस्ते धरून चार ते पाच हेक्टर जागा लागेल. त्याच संस्थेने पुढे विकसित केलेल्या फायटोरीड पद्धतीत पाणी खडीच्या थरातून व कर्दळ, रामबाण अशा पाणवनस्पतींच्या मुळांतून झिरपत जाते. तीस जागा तळ्यांहून कमी लागते व डासांना उघडे पाणी मिळत नाही. परंतु खडी तुंबू नये म्हणून आधी गाळ बसविणे अनिवार्य असते.

तळ्यांविरुद्धचे आक्षेप खरे आहेत आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. चार-पाच हेक्टर सलग जमीन, गावाच्या उतारावर आणि वस्तीपासून दूर, मिळविणे सोपे नाही. काठचे गवत कापले नाही तर तळे डासांचे आगर बनते, म्हणजे ज्या रोगासाठी उपाय करावयाचा त्यालाच आमंत्रण. मे महिन्यात रोज आठ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले तर अडीच हेक्टरवरून दिवसाला २०० घनमीटर, म्हणजे प्रवाहाच्या आठ टक्के पाणी जाते. परंतु या पद्धतीत बिघडण्यासारखे फारसे काही नाही. तिला दोन-तीन मजूर, एक विळा, तरंग काढण्याचे फावडे आणि पाच-दहा वर्षांतून एकदा गाळ उपसणे पुरते. त्रिपुरी पौर्णिमेच्या गर्दीचा भार बारा दिवसांच्या साठ्यात विरून जातो.

खरी अडचण कायद्याच्या बाजूने येते. पर्यावरण मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांखेरीज इतर ठिकाणी जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३० मिलिग्रॅम व निलंबित पदार्थ १०० मिलिग्रॅमपर्यंत मान्य केले. सुरचित तळ्यांना हे जमते. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ च्या आदेशात याहून पुष्कळ कडक, मागणी १० मिलिग्रॅमपर्यंत आणणारी, मानके पुढे ठेवली. तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात शेवाळ असते, आणि प्रयोगशाळेत ते निलंबित पदार्थ म्हणून व ऑक्सिजन मागणी म्हणूनही मोजले जाते. पाणी नदीत सोडावयाचे असेल तर हा कडकपणा समजू शकतो. ते शेतात द्यावयाचे असेल तर शेवाळ हा दोष नसून खत आहे. एकच आकडा मुंबईच्या खाडीला आणि रामटेकच्या धानाच्या बांधीला लावला की लहान गावाला न पेलणारे यंत्र घेण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. आणि बंद पडलेल्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची मागणी दहा नव्हे, अडीचशे असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या नगरांच्या वापरलेल्या पाण्यासाठी प्रथमच स्वतंत्र निधी ठेवण्यात आला. त्यामुळे ही निवड आता केवळ तात्त्विक राहिलेली नाही.

पावसाळ्याचे चार महिने

भुयारी गटारांचे जाळे टाकण्यापेक्षा अस्तित्वात असलेल्या नाल्यांच्या तोंडाशी बंधारा घालून पाणी केंद्राकडे वळविणे कितीतरी स्वस्त पडते, आणि आठ महिने ते उत्तम चालते. पावसाळ्यात काय होते? समजा दोनशे हेक्टर क्षेत्रावर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मा वाहून गेला; नाल्यांतून ५० हजार घनमीटर पाणी जाईल, म्हणजे कोरड्या दिवसाच्या प्रवाहाच्या वीसपटीहून अधिक. ते सर्व शुद्ध करणे अशक्य आहे व अनावश्यकही. पण जूनमधील पहिल्या दोन-तीन सरी आठ महिन्यांची साचलेली घाण धुऊन नेतात, व ते पाणी कित्येकदा नेहमीच्या सांडपाण्याहून वाईट असते. म्हणून वळण-बंधाऱ्याची फळी पहिल्या सरींनंतर वर उचलावी, आधी नव्हे; आणि मे महिन्यात नाल्या साफ करून काढलेला गाळ काठावर न ठेवता उचलून न्यावा. टेकडीवरून येणारे निर्मळ पाणी गावातील नाल्यांत मिसळू न देता वेगळ्या चरांनी तलावाकडे वळविले, तर केंद्राचा भार कमी होईल आणि तलावास पाणी मिळेल. जुन्या तलावांच्या रचनेत हे तत्त्व होतेच. मधल्या काळातील बांधकामांनी चर बुजले.

मोजमाप आणि महाविद्यालये

वरील सर्व गणिते नियमपुस्तिकेतील सरासरीवर आधारलेली आहेत. बारा लाख की चोवीस लाख लिटर, हा प्रश्न प्रत्यक्ष मोजल्याखेरीज सुटत नाही, आणि मोजणे महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. विदर्भातील प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी तलावांच्या पाण्याचे पृथक्करण पुष्कळ केले आहे. सामू, विद्राव्य प्राणवायू, प्लवक यांची कोष्टके आपल्याकडे आहेत. तलावात किंवा नाल्यात दिवसाला पाणी येते किती, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. प्रमाण ठाऊक असून प्रवाह ठाऊक नसेल तर भार काढता येत नाही, आणि भाराखेरीज केंद्राची रचना करता येत नाही.

यासाठी लागणारे साधन म्हणजे पत्र्याची एक फळी, जिच्यात काटकोनी इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच कापलेली आहे. ती नाल्यात आडवी बसवून, बाजूंनी माती दाबून, सर्व पाणी खाचेतून वाहील असे करावे. फळीपासून थोडे वरच्या अंगाला पट्टी रोवून खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये वाचावी. उंचीचा अडीचवा घात घेऊन त्यास १.३८ ने गुणले की सेकंदाला घनमीटरमध्ये प्रवाह मिळतो. उंची १५ सेंटिमीटर असेल तर दिवसाला सुमारे १० लाख ४० हजार लिटर; २० सेंटिमीटर असेल तर २१ लाख ३० हजार. पाच सेंटिमीटरच्या फरकाने प्रवाह दुप्पट होतो, म्हणून पट्टी काळजीपूर्वक वाचली पाहिजे आणि खाचेत अडकलेला प्लॅस्टिकचा कचरा दर वाचनापूर्वी काढला पाहिजे. सकाळी नळ येण्याच्या वेळी प्रवाह शिगेस पोहोचतो व मध्यरात्रीनंतर ओसरतो, त्यामुळे एकदाच वाचन घेणे निरुपयोगी. सलग चोवीस तास, दर तासाला वाचन हवे. विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्या आठ-आठ तासांच्या पाळीने हे काम करू शकतात. प्रत्येक वाचनाबरोबर प्रवाहाच्या प्रमाणात नमुना बाटलीत घालून शेवटी एकत्रित नमुन्याची ऑक्सिजन मागणी, नत्र व फॉस्फरस काढावा. नाल्यात उतरणाऱ्या विद्यार्थ्यांना रबरी बूट व हातमोजे द्यावेत, आणि धनुर्वाताची लस आधी टोचून घ्यावी.

गावातील प्रत्येक नाल्यावर असे मोजमाप वर्षातून किमान तीनदा व्हावे : एकदा एप्रिल-मेमध्ये, पाणीटंचाईच्या दिवसांत, एकदा डिसेंबर-जानेवारीत, आणि एकदा त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशी, यात्रा भरात असताना. तिसऱ्या वेळी पाळ्या लावणे कठीण जाईल, कारण विद्यार्थ्यांपैकी निम्मे त्या दिवशी गडावर असतात. म्हणून त्या तुकडीची नावे आधीच निश्चित करून ठेवावीत.